अख्ख्या सोसायटीचा गॅस एका पैशात

बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेल्या माणसाला सोसायटीच्या कमिटीवर घेऊ नये, असा एक उपविधी हवा. वकील चालेल, सीए तर हवाच, आणि निवृत्त फौजदार मिळाला तर पार्किंगची भांडणं मिटतात. फिजिक्सवाल्याचा उपयोग काही नसतो आणि आपला उपयोग आहे अशी त्याची पक्की समजूत असते. माझी हयात बँकेत कर्जाच्या फायली पुढे सरकवण्यात गेली. फिजिक्सशी शेवटची गाठ पडली ती सेकंड क्लासच्या मार्कशीटवर. तरीही पुण्यात आमच्या भागात पाइपाच्या गॅसची खोदाई सुरू झाली आणि सभेत तो विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "काका सायन्सचे आहेत." मी विनयाने मान खाली घातली. वर काढली तेव्हा उपसमितीचा निमंत्रक झालो होतो. उपसमितीत मी एकटाच होतो.

प्रश्न विचारला तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. "एका सिलिंडरात असतो तेवढा गॅस पाइपातून घ्यायचा, तर किती घ्यावा लागेल? एवढं सांगा, म्हणजे स्वस्त की महाग ते माझं मी बघते."

"दोन मिनिटांत सांगतो," मी म्हणालो.

मला वाटलं, त्रैराशिक आहे. सिलिंडर किलोत येतो, पाइपातला गॅस घनमीटरात येतो, किलोचे घनमीटर करायचे, झालं. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो एलपीजी भरलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण सायन्सचा माणूस ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं; भरलेल्या टाकीच्या वजनातून ते वजा केलं की आतला गॅस. घरात काटा एकच, बायकोने माझ्यासाठी आणलेला, माणसाची वजनं करायचा. त्यावर सिलिंडर नीट उभा राहीना, म्हणून मी त्याला कवेत घेऊन स्वतः काट्यावर चढलो. आकडा खाली होता आणि मधे सिलिंडर, त्यामुळे वाचायला बायकोला बोलावलं. ती आली ती दार उघडून, कारण नेमका त्याच वेळी सिलिंडरवाला रिकामी टाकी न्यायला आला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला आणि म्हणाला, "काका, मागायचा ना. वजन करून द्यायलाच ठेवलाय."

गॅस बरोबर भरला. माझं स्वतःचं वजनही त्या निमित्ताने घरात जाहीर झालं आणि त्याचे परिणाम रात्रीच्या जेवणापासून दिसू लागले.

सिलिंडरातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. दाबाखाली तो द्रव होऊन बसतो, म्हणून तर तो टाकीत हलवला की डुचमळतो आणि म्हणून तो किलोवर विकता येतो. बाहेर पडला की वायू. १४.२ किलोचा वायू केला तर सहा घनमीटरांच्या आसपास भरतो. मी दोन ठिकाणी पडताळलं, लिफ्टमध्ये आजी भेटल्या, आणि मी सांगितलं, "सहा." आजींनी सिलिंडरच्या किमतीला मनातल्या मनात सहाने भागलं, पाइपाच्या दराशी ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की पाइपाचा गॅस म्हणजे निव्वळ लॉटरी आहे. आजींनी सुनेला फॉर्म आणायला पाठवलं.

रात्री मला झोप लागेना. पाइपातून येतो तो नॅचरल गॅस, म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन. मिथेन हलका. घनमीटरभर मिथेनचं वजन पाऊण किलोच्या आतच, एलपीजीच्या वायूचं सव्वादोन किलोच्या पुढे. म्हणून तर गळती झाली की एलपीजी जमिनीवर साचतो आणि पाइपाचा गॅस छताकडे जातो. म्हणजे घनमीटराला घनमीटर लावणं चूक. वजनाला वजन लावायला हवं. अंथरुणातून उठून हिशोब केला. १४.२ किलो नॅचरल गॅस म्हणजे जवळपास वीस घनमीटर.

सकाळी आजी तुळशीला पाणी घालत होत्या. "वीस," मी खालून ओरडलो.

"काय वीस?"

"सहा नाही, वीस."

वीसने भागल्यावर पाइप महाग पडत होता. सुनेने फॉर्म परत दिला.

खरं म्हणजे मी इथेच थांबलो असतो. पण नमुना म्हणून इमारतीतली पहिली जोडणी माझ्याच घरी करून घेतली होती. फिटर आला, त्याने शेगडीचे जेट बदलले. सिलिंडरचा रेग्युलेटर गॅस ३० मिलिबार दाबाने सोडतो, पाइपाचा गॅस २१ ला येतो, आणि घनमीटरामागे त्याची उष्णताही कमी. म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं लागतं. हे फिटरने मला समजावलं नाही. मी त्याला समजावलं. तो "हो काका" म्हणत राहिला आणि जाताना बायकोला हळूच सांगून गेला, "ज्योत पिवळी आली तर मला फोन करा. यांना हात लावू देऊ नका."

भिंतीवर मीटर बसलं. पहिल्या महिन्याचं वाचन मी केलं. चष्मा लावून, टॉर्च मारून, आठही आकडे वहीत उतरवले. शेवटचे तीन लाल होते. मला वाटलं, महत्त्वाचे असतील. त्याला चालू दराने गुणलं. उत्तर काही लाखांत आलं. पुन्हा गुणलं, पुन्हा तेच. मग मी मुख्य कॉक बंद केला आणि बायकोला सांगितलं की यापुढे गॅस पेटवायचा नाही, एफडी मोडावी लागेल. दुपारी आम्ही ताक-पोहे खाल्ले. बायकोने शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीला फोन लावला, दोन वाक्यं बोलली, आणि कॉक उघडून वरण चढवलं. लाल आकडे दशांश चिन्हाच्या पुढचे असतात. ते लिटर दाखवतात. बिल काळ्या आकड्यांवर होतं. माझं उत्तर फक्त हजारपट चुकलं होतं.

बिलावर मात्र नुसता घनमीटर नसतो. तिथे लिहिलेलं असतं एससीएम, म्हणजे स्टँडर्ड क्यूबिक मीटर. वायू हा असा माल आहे की तापवला की फुगतो, दाबला की आवळतो. म्हणून घनमीटर म्हणताना कुठल्या तापमानाचा आणि कुठल्या दाबाचा हे आधी ठरवावं लागतं. ठरलंय ते १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब. आता पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहासात टक्के कमी. आणि १५ अंश आमच्याकडे असतात ते थंडीतल्या पहाटे, त्या वेळी स्वयंपाक कोण करतं? म्हणजे माझ्या ओट्यावरचा घनमीटर हा पुस्तकातल्या घनमीटरापेक्षा विरळ. हे मी दादरच्या भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पुण्याचं सगळंच विरळ. चहा प्यायलोय मी तुमच्याकडे."

या अभ्यासाचा एक दुष्परिणाम असा, की मला जिथे तिथे एककं दिसू लागली. एकच गॅस, पण प्रत्येक मुक्कामाला त्याचं माप वेगळं. परदेशातून येतो तेव्हा तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला असतो, आकाराने सहाशेपट लहान. दाभोळच्या धक्क्यावर जहाज लागतं तेव्हा लोक टनांत बोलतात. मोठ्या पाइपलाइनीत शिरला की तो एमएमएससीएमडी होतो, दिवसाला इतके दशलक्ष एससीएम. पंपावर रिक्षात भरला की किलो. स्वयंपाकघरात एससीएम. आणि सरकार त्याचा भाव ठरवतं तेव्हा डॉलर, तेही एका एमएमबीटीयूला. बीटीयू म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट: एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारी उष्णता. एक आगकाडी शेवटपर्यंत जळली की साधारण एक बीटीयू होतो. आपण १९५६ साली कायदा करून शेर, मण, पौंड सगळे मोडीत काढले, आणि गॅस विकत घेताना पुन्हा ब्रिटिशांच्या पौंडापाशी येऊन उभे राहिलो.

खुद्द ब्रिटिशांनी तो बिलातून केव्हाच काढून टाकलाय. माझा भाचा लंडनजवळ राहतो. त्याला बिलाचा फोटो पाठवायला सांगितलं. तिथे मीटरवर घनमीटर, त्याला १.०२२६४ ने गुणतात, ती दाबाची आणि तापमानाची दुरुस्ती, मग गॅसच्या उष्मांकाने गुणतात, तो ३९ च्या आसपास असतो, मग ३.६ ने भागतात आणि विजेसारखे युनिट काढतात. हे सगळं बिलावर छापलेलं असतं. मी हरखून गेलो. भाच्याला विचारलं, तू पडताळून बघतोस का? तो म्हणाला, "मामा, बँकेतून आपोआप जातात. मी ते बिल आज पहिल्यांदा उघडलं." न्यू जर्सीच्या भाचीचं बिल थर्ममध्ये होतं, एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. तिनेही ते तोवर उघडलेलं नव्हतं. पुढच्या पिढीचं कसं होणार, या विषयावर मी कुटुंबाच्या ग्रुपवर एक मोठा मेसेज टाकला. त्यावर मोठ्या वहिनींनी गुड मॉर्निंगचं फूल पाठवलं.

पण भाच्याच्या बिलातून एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली, जी खरं तर सिलिंडरला मिठी मारण्याआधी शिरायला हवी होती. आपण गॅस विकत घेतो तो काही साठवून ठेवायला नाही. आपल्याला हवी असते उष्णता. तेव्हा आकारमान बाजूला, वजन बाजूला, उष्णतेला उष्णता लावायची. आणि उष्णता मोजायची किलोकॅलरीत: लिटरभर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. डाएटवाले ज्याला नुसतं कॅलरी म्हणतात ती हीच. एक एससीएम गॅसमध्ये सुमारे दहा हजार. हे मी जेवताना सांगितलं. माणसाला पाच दिवस पुरेल एवढं जेवण एका घनमीटरात असतं म्हणून. "मग पोळ्या कशाला लाटतेय मी?" बायको म्हणाली. "पाइपच लावा तोंडाला."

एलपीजीच्या एका तक्त्यावरून आणि नॅचरल गॅसच्या दुसऱ्या तक्त्यावरून मी नवा आकडा काढला: एकोणीस. आजींना जिन्यात गाठलं.

"आता एकोणीस," मी म्हणालो.

"अहो, हा गॅस आहे की सोन्याचा भाव?" आजी म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

तक्त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, प्रयोगावर ठेवतात. म्हणून मी प्रयोग मांडला. पातेल्यात मोजून दोन लिटर पाणी, त्यात दोऱ्याने लोंबकळता ठेवलेला थर्मामीटर, मीटरपाशी बायको. ती लाल आकडे वाचणार, मी अंश वाचणार. पाणी २५ अंशांवरून ९५ वर गेलं: २ गुणिले ७०, म्हणजे १४० किलोकॅलरी. त्या वेळात मीटरवरून २८ लिटर गॅस गेला. लिटरमागे दहाच्या हिशोबाने २८० किलोकॅलरी जळायला हव्या होत्या. पाण्यात उतरल्या निम्म्या.

निम्म्या! उरलेल्या गेल्या कुठे? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला. ओट्यापाशी उभा होतो, कपाळावरून घाम गळत होता, पातेल्याचे कान हात लावता येऊ नयेत इतके तापले होते, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. एवढं सगळं आजूबाजूला असताना मी निष्कर्ष काढला की गॅस निम्म्या ताकदीचा येतोय. वहीत तसं लिहीत होतो, तेवढ्यात बायकोने प्रयोगाच्या पाण्यात साखर आणि चहापत्ती टाकली. पुरावा आम्ही शेजाऱ्यांसह प्यायलो.

मग मी पेटलो. त्या आठवड्यात पेपरात गॅसच्या भावाची बातमी होती. किरीट पारिख समितीच्या शिफारशींनंतर, २०२३ च्या एप्रिलपासून ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के धरतात. खाली चार डॉलरची मर्यादा, वर साडेसहाची, आणि वरची पुढे २०२५ मध्ये पावणेसात झाली. भाव एका एमएमबीटीयूचा. घरगुती नळांना आणि सीएनजीला हा गॅस आधी मिळतो. मी वही उघडली. आता बिलाची मुळापासून तपासणी.

फिजिक्समध्ये एम म्हणजे मेगा. मेगावॅट, मेगाहर्ट्झ. मेगा म्हणजे दहा लाख. एमएम म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख. एकावर बारा शून्यं. एवढ्या बीटीयूंना पावणेसात डॉलर. आमच्या घरी महिन्याला बारा एससीएम गॅस लागतो, डॉलर धरला ८५ रुपये. गुणाकार, भागाकार, पुन्हा गुणाकार. घरटी खर्च आला एका पैशाच्या छत्तिसाव्या भागाहूनही थोडा कमी. आमची चाळीस बिऱ्हाडं. अख्ख्या सोसायटीचा महिन्याचा गॅस, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत, साधारण एका पैशात.

असं उत्तर आल्यावर शहाणा माणूस हिशोब तपासतो. मी अर्ज लिहायला घेतला.

अर्ज चांगला उतरला होता, बँकेत तेवढं मात्र शिकलो होतो. विषय, संदर्भ, महोदय, आणि मग कलमवार लूट. अर्जावर सह्या घ्यायला दारोदार फिरलो. लोकांनी आकडे वाचले नाहीत, "एका पैशात" एवढंच वाचलं आणि सह्या केल्या. तळमजल्यावरच्या दुकानदाराने दोनदा केली. आजी म्हणाल्या, "मला अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही," आणि त्यांनी सही केली नाही.

रिक्षाने गॅसच्या ऑफिसात निघालो. वाटेत रिक्षा सीएनजीच्या रांगेत शिरली. रिक्षावाला सहज म्हणाला, "काका, पेट्रोल लिटरवर, मग हे किलोवर का हो?" अशा वेळी गप्प बसायला वेगळं शिक्षण लागतं. मी सांगू लागलो: टाकीत गॅस दोनशे बारपर्यंत दाबून भरतात, त्या दाबाला लिटरला काही अर्थ राहत नाही, तापमान बदललं की सगळंच बदलतं, वस्तुमान मात्र बदलत नाही, म्हणून पंपातलं मीटर वस्तुमानच मोजतं, तुमचा एक किलो म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातले साधारण एक पूर्णांक चार एससीएम. तो मन लावून ऐकत होता. इतकं, की आम्ही ऑफिसवरून पुढे निघून गेलो, मग एकेरी रस्ता लागला आणि बराच मोठा वळसा पडला. भाडं झालं त्यात, माझ्या हिशोबाने, सोसायटीला काही शतकांचा गॅस आला असता.

खिडकीपाशी एक मुलगी बसली होती, आमच्या नातीहून थोडी मोठी. तिने अर्ज घेतला आणि शिक्का मारण्याआधी वाचला. हे मला अपेक्षित नव्हतं. बँकेत आम्ही आधी शिक्का मारायचो.

"सर, एमएमबीटीयूमधले एम कुठले धरलेत?"

"मेगाचे."

"दोन्ही?"

"दोन आहेत ना."

"हे एम रोमन आकड्यातले आहेत, सर. रोमनमध्ये एम म्हणजे हजार. हजार गुणिले हजार, दहा लाख. दोन्ही एम मिळून एक मेगा."

"रोमनमध्ये दोन एम शेजारी लिहिले तर दोन हजार होतात," मी म्हणालो. हरायला लागलेल्या माणसाला मुद्दे फार सुचतात.

"बरोबर. पण गॅसवाले गुणतात, बेरीज करत नाहीत." मग तिने मोबाइलवर काहीतरी केलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "तुमच्या हिशोबाने बघायचं तर मागच्या सहाशेच्या बिलात तुमचे पुढच्या एक लाख त्र्याऐंशी हजार वर्षांचे पैसे आमच्याकडे जमा झालेत."

मागे रांगेत उभा असलेला गृहस्थ हसला. मी वळून बघितलं नाही.

तिने अर्जाच्या पाठीवर हिशोब मांडला. एक एमएमबीटीयू म्हणजे दोन लाख बावन्न हजार किलोकॅलरी, म्हणजे दहा हजारी गॅसचे २५.२ एससीएम. बारा एससीएम म्हणजे अर्ध्याला थोडं कमी. त्याचे झाले २७३ रुपये. हा जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा कमाल भाव. त्यात मिसळावा लागणारा महागडा गॅस वेगळा, पाइपलाइनीचं भाडं वेगळं, शहरातलं वितरण वेगळं, कर वेगळे. गॅस अजून जीएसटीत नाही, व्हॅटमध्येच आहे. आपल्या राज्याने २०२२ च्या एप्रिलात तो साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. माझ्या पेन्शनीवरचा टीडीएस मला जितक्या सफाईने कधी कुणी समजावला नाही, तितक्या सफाईने तिने हे सांगितलं.

"आणि निम्म्या ताकदीचं?" मी प्रयोगाची वही पुढे केली.

तिने ती वाचली. "पातेलं किती रुंद होतं, सर? झाकण होतं?"

झाकणाला भोक नव्हतं आणि थर्मामीटर लोंबकळत ठेवायचा होता, म्हणून झाकण नव्हतं. सिलिंडरवर चालणारी आयएसआय छापाची शेगडीसुद्धा प्रयोगशाळेत, ठरलेल्या पातेल्याखाली, ६८ टक्के उष्णता कामी लावली की पास होते. ओट्यावर, उघड्या पातेल्याखाली, थर्मामीटर हलवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर पन्नास टक्के म्हणजे कौतुकच.

"मुळात तुम्हाला काढायचं काय होतं?" तिने विचारलं. मी आजींचा प्रश्न सांगितला. सहा, वीस आणि एकोणीस ही माझी उत्तरंही सांगितली.

"एकोणीस कसे आले?" तिने माझी वही उलटीसुलटी केली आणि बोट ठेवलं. एलपीजीचा आकडा मी ग्रॉस घेतला होता आणि पाइपाच्या गॅसचा नेट. थंड पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्या मिनिटात त्याला बाहेरून घाम येतो. तो पातेल्याचा नसतो. गॅस जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, त्याची ती वाफ. तिच्यात अडकलेली उष्णता धरली तर ग्रॉस, सोडून दिली तर नेट. मिथेनमध्ये दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक पडतो. "दोन्हीकडे ग्रॉस धरा, नाहीतर दोन्हीकडे नेट. एलपीजी किलोला ग्रॉस अकरा हजार नऊशे धरू. गुणिले १४.२, भागिले दहा हजार. सतरा."

"सतरा," मी म्हणालो.

"साधारण. अर्जाचं काय करू? इनवर्ड करू?"

मी अर्ज परत घेतला. पाठीवरचा हिशोब मात्र जपून ठेवला.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणालो, "सतरा." आजी म्हणाल्या, "म्हणजे सिलिंडरच्या किमतीला सतराने भागायचं आणि पाइपाच्या दराशेजारी ठेवायचं. एवढंच ना?" एवढंच होतं. त्यांनी तिथल्या तिथे भागलं, पदरच्या वहीत लिहिलं, आणि उत्तर कुणालाही न सांगता वही मिटली. बाकीच्यांचा निर्णय आधीच झाला होता. लिफ्ट बंद असली की सिलिंडरवाला वर यायला कुरकुरतो, या एका मुद्द्यावर सगळ्यांनी माझी वाट न पाहता पाइप घेऊन टाकला होता.

सही केलेल्यांपैकी काहींनी परताव्याची चौकशी केली. एक लाख त्र्याऐंशी हजार वर्षांची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, पण रांगेतला तो गृहस्थ बी विंगच्या खजिनदारांचा साडू निघाला. हल्ली बिल आलं की पार्किंगमधून कुणीतरी हाक मारतं, "काका, अजून किती वर्षं राहिली?"

त्या सभेचं इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागलंय. गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय निघाला, किलोवॅट आणि किलोवॅट-अवर यांतला फरक समजून घेण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली, आणि त्या बैठकीत चहाची व्यवस्था मी बघावी असं सर्वानुमते ठरलं. चाळीस कप, म्हणजे चार लिटर पाणी. पुण्याच्या उंचीवर पाणी शंभरला नाही, ९८ अंशांना उकळतं. निम्मी उष्णता वाया धरली तर ५८ लिटर गॅस लागेल. कुणी विचारलं नाही.